रस्ता नसलेल्या काठावरची पवनचक्की : बर्नी आर्म्सचे प्रकरण

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यात यार नदी ब्रेडन वॉटर या भरती-ओहोटीच्या उथळ विस्तारात शिरते. त्याच्या जरा अलीकडे, नदीच्या उत्तर काठावर, डांबर फासलेल्या विटांचा एक सात मजली बुरूज उभा आहे. त्याची उंची सुमारे २१.५ मीटर आहे. माथ्यावर उलट्या होडीच्या आकाराची पांढरी टोपी आहे, टोपीला चार मोठी पाती आहेत आणि मागच्या बाजूला शेपटीचा लहान पंखा आहे. ही बर्नी आर्म्सची पवनचक्की. जमिनीतील पाणी उपसून नदीत टाकण्यासाठी वापरल्या गेलेल्या ज्या पवनचक्क्या नॉर्फोकमध्ये उरल्या आहेत, त्यांत ही सर्वांत उंच आहे. तिच्यापर्यंत सार्वजनिक रस्ता जात नाही. तेथे पोहोचायचे तर नावेने यावे लागते, बांधावरून चालत यावे लागते, किंवा हात दाखवला तरच गाडी थांबते अशा एका एकाकी रेल्वे थांब्यावर उतरून कुरणांतून यावे लागते.

काम संपलेली, दुरुस्तीला खर्चिक आणि पोहोचायला अवघड अशी वास्तू समाजाने कशासाठी आणि कशी सांभाळावी, हा या प्रकरणातील मुख्य प्रश्न आहे. केवळ बुरूज, टोपी आणि पाती यांच्याकडे पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. चक्कीच्या एका बाजूला नदी आहे आणि दुसऱ्या बाजूला कुरण आहे. या दोहोंच्या पाण्याच्या पातळीतील फरक सांभाळणे हे तिचे काम होते. त्यामुळे नदीचे, कुरणाचे आणि चक्कीचे निर्णय वेगवेगळ्या कचेऱ्यांत, एकमेकांचा विचार न करता घेतले गेले, तर इमारत टिकेल, पण ती तेथे का उभी होती हे कळणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन, पाणी आणि वारा

रोमन काळात या भागात एक मोठी खाडी होती. चक्कीसमोर, नदीच्या पलीकडच्या उंचवट्यावर, बर्ग कॅसल या रोमन किल्ल्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. हा किल्ला खाडीच्या तोंडावर लक्ष ठेवण्यासाठी होता. पुढे समुद्राच्या बाजूने वाळूचा दांडा वाढत गेला, त्यावर ग्रेट यारमथ हे गाव वसले, आणि मागची खाडी गाळाने भरत जाऊन तिची पाणथळ जमीन झाली. आज ज्याला हॅल्व्हरगेटची कुरणे म्हणतात तो सपाट प्रदेश असा तयार झाला. शेतकऱ्यांनी नदीकडेने बांध घातले, चर खणले आणि गुरांसाठी गवताळ जमीन मिळवली.

बांध घातलेली जमीन कोरडी होत जाते तशी खचते, आणि नदी मात्र भरतीबरोबर वर चढतच राहते. कोकणातील खारबंदिस्तीत ओहोटीच्या वेळी उघडीतून, म्हणजे बांधातील दारातून, पाणी आपल्या उताराने बाहेर जाते. हॅल्व्हरगेटसारख्या खोलगट प्रदेशात तेवढ्यावर भागेना; पाणी उचलूनच नदीत टाकावे लागू लागले. त्यासाठी या सपाट प्रदेशात भरवशाची अशी एकच शक्ती होती, ती म्हणजे वारा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत नॉर्फोक आणि सफोकच्या या नदीकाठांवर उपसा करणाऱ्या चक्क्या ओळीने उभ्या राहिल्या. आज त्यांतील सत्तरहून अधिक कोणत्या ना कोणत्या अवस्थेत शिल्लक आहेत. काही पूर्ण दुरुस्त, काही नुसते विटांचे बुंधे.

बर्नी आर्म्सची चक्की मात्र निचऱ्यासाठी बांधलेलीच नव्हती. तिची कल्पना येण्यासाठी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. १८६५ च्या सुमारास ती उभी राहिली तेव्हा या काठावर सिमेंटचा कारखाना होता. जलमार्गांतून उपसलेला चिखल वेरी नावाच्या, एकाच काळ्या शिडाच्या मालवाहू नावांतून येथे येत असे. तो भट्टीत भाजला जाई आणि भाजून झालेले कठीण खडे चक्कीत दळले जात. निचऱ्याच्या चक्कीला सात मजल्यांची गरज नसते. अनेक जुन्या निचरा-चक्क्या दोन-तीन मजल्यांच्याच आहेत, कारण त्यांत साठवायचे काही नसते आणि वरून खाली न्यायचेही काही नसते. तेव्हा या बुरुजाच्या उंचीचे मूळ सिमेंटच्या दळणात शोधावे लागते. कारखाना १८८० च्या सुमारास बंद पडला आणि १८८३ मध्ये तीच चक्की पाणी उपसण्याच्या कामाला जुंपण्यात आली. बांधलेली, चालू अवस्थेतील, वाऱ्याच्या मोकळ्या वाटेवर असलेली यंत्रणा टाकून देण्यापेक्षा तिला दुसरे काम देणे व्यवहाराला धरून होते. इमारत वाचवण्याचा पहिला निर्णय असा पूर्णपणे उपयोगाच्या हिशेबाने झाला.

यंत्र

चक्कीची यंत्रणा पाहिली की या प्रदेशातील कारागिरांविषयीचा आदर वाढतो. शेपटीचा पंखा हे त्यातील अत्यंत हुशारीचे अंग आहे. मुख्य पाती वाऱ्याला नेमकी सामोरी असतात तेव्हा या पंख्याला वारा लागत नाही आणि तो स्थिर राहतो. वाऱ्याने दिशा बदलली की पंखा फिरू लागतो, त्याच्या दातेरी चाकांमधून टोपीला गती मिळते आणि ती बुरुजाच्या कडेवरील गोल वाटेवर सरकत पुन्हा वाऱ्यासमोर येते. याचे पेटंट एडमंड ली याने १७४५ मध्ये घेतले होते. रात्री वारा फिरला तरी कोणी उठून टोपी वळवण्याची गरज राहिली नाही. निर्जन कुरणात एकट्याने चक्की सांभाळणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय होती.

पात्यांचा शोध तर याच परगण्यातला. नॉर्फोकमध्ये जन्मलेल्या विल्यम क्युबिट या अभियंत्याने १८०७ मध्ये झडपांच्या पात्यांचे पेटंट घेतले. पूर्वीच्या पात्यांवर कापड ताणलेले असे आणि वारा वाढला की चक्की थांबवून प्रत्येक पात्यावरील कापड आवरावे लागे. क्युबिटच्या पात्यांत लहान लहान झडपांच्या रांगा आहेत. पात्यांचा मुख्य आस पोकळ असून त्यातून एक सळई जाते आणि त्या सळईने सगळ्या झडपा चक्की चालू असतानाच एकदम उघडता किंवा मिटता येतात. सळईला साखळीने वजन टांगलेले असते. वाऱ्याचा जोर त्या वजनाला भारी पडला की झडपा आपोआप उघडतात, वारा आरपार निघून जातो आणि पाती बेफाम होत नाहीत.

टोपीतील आडव्या आसाची गती मोठ्या दातेरी चाकातून बुरुजाच्या मधोमध असलेल्या उभ्या आसाला मिळते आणि तो ती तळापर्यंत आणतो. तेथून पुढे आडवा दांडा बाहेर जातो, कारण बर्नी आर्म्स येथे उपसा चाक बुरुजाला चिकटलेले नाही. ते थोड्या अंतरावर स्वतंत्र आवरणात बसवलेले आहे. त्याचा व्यास सुमारे ७.३ मीटर, म्हणजे २४ फूट आहे. चाकाच्या परिघावरील फळ्या चरातील पाणी अरुंद वाहिनीतून रेटत वर नेतात आणि बांधापलीकडे नदीत ढकलतात. नदीच्या बाजूला एक दार असते, जे नदीतील पाण्याच्या दाबाने बंद होते आणि चाकाने लोटलेल्या पाण्याने उघडते.

उपसा चाकाची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. ते पाणी भरपूर हलवते, पण फार उंच उचलत नाही. व्यासाच्या मानाने त्याचा उचल थोडाच असतो. चरातील पातळी ठरावीक खोलीखाली गेली की फळ्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय वारा पडला की उपसा थांबतो. म्हणून चक्कीच्या काळातील कुरण कधीही पुरते कोरडे झाले नाही. हिवाळ्यात त्यावर पाणी साचे, उन्हाळ्यात चर भरलेले राहत, तेच चर गुरांना अडवणारे कुंपणही होत आणि पिण्याच्या पाण्याची सोयही. गवत, गुरे, पाणपक्षी, चरांतील वनस्पती हे सगळे या मर्यादेच्या आत वाढले. मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: यंत्राच्या अपुरेपणाने एक प्रदेश घडवला होता आणि तो अपुरेपणा संपताच प्रदेशाला धोका निर्माण झाला.

चक्की थांबल्यानंतर

१९४८ मध्ये मोटरपंपाने काम हाती घेतले आणि चक्कीचा उपसा थांबला. १९५१ मध्ये ती सरकारच्या बांधकाम मंत्रालयाच्या ताब्यात आली. पुढे इंग्लिश हेरिटेज ही संस्था तिची पालक झाली. कामातून निवृत्त झालेली चक्की इतक्या लवकर संरक्षणाखाली येणे हे तिचे भाग्यच म्हणावे लागेल, कारण याच काळात आसपासच्या कित्येक चक्क्यांची पाती आणि टोप्या नाहीशा झाल्या. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, नॉर्फोकमध्ये वेरी नावांच्या जतनासाठी न्यास स्थापन झाला आणि १८९८ मध्ये बांधलेली ‘अल्बियन’ ही मालवाहू वेरी वाचली. नाव आणि चक्की, दोन्ही वाऱ्यावर चालणाऱ्या, दोन्ही एकाच पिढीत निकामी ठरलेल्या.

कुरणांचे मात्र लगेच काही बिघडले नाही. नव्या पंपांनी बराच काळ जुनीच पातळी सांभाळली. प्रश्न पेटला तो १९८० नंतर. युरोपीय समाजाच्या शेती धोरणामुळे गव्हाला हमीचा चांगला भाव होता, निचऱ्याच्या कामांना सरकारी अनुदान होते, आणि स्थानिक निचरा मंडळाने अधिक क्षमतेच्या पंपांसाठी असे अनुदान मागितले. पाणी आणखी खाली नेले तर कुरण नांगरून गहू पेरता येणार होता. शेतकऱ्यांच्या हिशेबात यात काही वावगे नव्हते. गुरांपासून मिळणारे उत्पन्न घटत होते आणि सरकारच गव्हाला पैसे देत होते. पण एका सरकारी खात्याचा पैसा ज्या भूप्रदेशाचा नाश करण्यासाठी वापरला जाणार होता, तोच भूप्रदेश वाचवण्यासाठी दुसऱ्या सरकारी संस्थेला पैसा मोजावा लागणार होता. १९८४ मध्ये नांगरट सुरू झाली तेव्हा पर्यावरण कार्यकर्ते यंत्रांसमोर बसले आणि हॅल्व्हरगेटचे नाव देशभर गाजले.

त्यातून निघालेला मार्ग दूरगामी ठरला. १९८५ मध्ये एक प्रायोगिक योजना आली: जो शेतकरी कुरण कुरणच ठेवील आणि ठरवलेल्या पद्धतीने गुरे चारील, त्याला एकरी ५० पौंड वार्षिक मिळतील. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ती स्वीकारली. या अनुभवाच्या आधारे १९८६ च्या शेती कायद्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची तरतूद झाली आणि १९८७ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या क्षेत्रांत ब्रॉड्सचा, म्हणजे नॉर्फोक आणि सफोकमधील याच नद्या, तलाव आणि पाणथळ जमिनींच्या प्रदेशाचा, समावेश होता. पक्षिसंवर्धनासाठी काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने १९८६ मध्ये चक्कीच्या लगतच्या कुरणांत जमीन घेऊन राखीव क्षेत्र सुरू केले. तेथे आता पाणी मुद्दाम वर ठेवले जाते, म्हणजे हिवाळ्यात बदके आणि वसंतात टिटव्या तेथे टिकतात. चक्की जी पातळी आपल्या मर्यादेमुळे राखत होती, तिच्या जवळपासची पातळी आता नियोजन करून, पैसे देऊन राखावी लागते.

नदी आणि नौकाविहारी

ब्रॉड्सचे जलमार्ग २०० किलोमीटरहून अधिक लांबीचे असून त्यांत फार मोठी संख्या सुट्टीसाठी नाव भाड्याने घेणाऱ्यांची असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, तिने मालवाहू वेरींचा धंदा हळूहळू खाल्ला आणि त्याच रेल्वेने हवापालटासाठी येणारी माणसे आणली. १९८८ च्या कायद्याने ब्रॉड्स प्राधिकरणाला निसर्गसंवर्धन, लोकांचा आनंद आणि नौकानयन अशी तिन्ही कर्तव्ये दिली. इतर राष्ट्रीय उद्यानांकडे नौकानयनाची अशी जबाबदारी नसते.

बर्नी आर्म्सचे स्थान नावाड्यांच्या दृष्टीने विशेष आहे. येथून पुढे ब्रेडन वॉटरची सुमारे पाच किलोमीटरची उघडी वाट लागते, जिच्या दोन्ही बाजूंना चिखलाचे पठार असते आणि खोल पाण्याचा मार्ग लाल-हिरव्या खांबांनी दाखवलेला असतो. पलीकडे ग्रेट यारमथ येथे पुलांखालून जायचे असते आणि तेथे ओढ जबर असते. म्हणून उत्तरेच्या नद्यांकडे जाणाऱ्यांना ओहोटीच्या तळानंतर सुमारे एका तासाने, पाणी जवळजवळ थांबलेले असताना, यारमथ ओलांडण्याचा सल्ला दिला जातो. ही वेळ जुळवण्यासाठी अनेक नावा चक्कीजवळच्या काठाला बांधून वाट पाहतात. ही वाट पाहणारी माणसे चक्कीचा खरा आणि सर्वांत नियमित प्रेक्षकवर्ग आहेत, आणि तिच्या व्यवस्थापनात त्यांचा पुरेसा विचार झालेला नाही असे मला वाटते.

रेल्वेचे उदाहरण येथे बोलके आहे. नॉर्विच-यारमथ मार्ग १८४४ मध्ये सुरू झाला तेव्हा थॉमस ट्रेंच बर्नी या जमीनमालकाने येथे थांबा द्यावा या अटीवर जमीन विकली होती. थांबा आजही आहे, पण २०१९-२० या वर्षात तेथे केवळ ४२ प्रवाशांची नोंद झाली. त्या वर्षातील बराच काळ सिग्नलच्या कामासाठी मार्ग बंद होता हे खरे, तरीही या वाटेने मोठ्या संख्येने लोक येतील अशी अपेक्षा धरता येणार नाही. पायी येणाऱ्यांसाठी वीव्हर्स वे आणि वेरीमॅन्स वे हे दोन दीर्घ पदमार्ग चक्कीजवळून जातात. त्यांवरचे लोक येतात, पण त्यांच्यासमोर अजून मोठी चाल शिल्लक असते.

जतनातील अडचणी

लाकडी टोपी, पाती आणि पंखा यांना खाऱ्या, दमट वाऱ्यात सतत रंग आणि दुरुस्ती लागते. एका बाजूने मारा करणाऱ्या पावसाचे पाणी विटांत मुरते. डांबराचा थर त्यासाठीच असे. त्यातच रस्ता नाही. परांचीसाठी लागणारे नळ, ओक लाकडाचे तुकडे, यारी, सगळे नदीने किंवा कुरणातील कच्च्या वाटेने आणावे लागते. शतक बदलण्याच्या सुमारास चक्कीची दीर्घकाळ चाललेली मोठी दुरुस्ती झाली, तरी गेली अनेक वर्षे लोकांना ती बहुतेक बाहेरूनच पाहता आली आहे. सात मजले चढून जाणाऱ्या अरुंद शिड्या, एकच दार आणि मदत पोहोचायला लागणारा वेळ यांचा विचार केला तर हा सावधपणा समजण्यासारखा आहे.

कारागिरांची अडचण त्याहून गंभीर आहे. दातेरी चाकांचे लाकडी दात बसवणे, पात्यांच्या झडपांचे सांधे जुळवणे, टोपी समतोल ठेवून वळती करणे ही कामे करणारी माणसे थोडी उरली आहेत. म्हणून या भागातील ‘वॉटर, मिल्स अँड मार्शेस’ या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीवर चाललेल्या प्रकल्पात नॉर्विचच्या सिटी कॉलेजमधील बांधकामाच्या विद्यार्थ्यांना हॅल्व्हरगेट परिसरातील चक्क्यांच्या दुरुस्तीवर नेले गेले, हे पाऊल मला अतिशय मोलाचे वाटते. चुन्याचा गिलावा आणि जुन्या पद्धतीची वीटबांधणी ते प्रत्यक्ष बुरुजावर शिकले.

पुराचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या लाटांनी यारमथ आणि आसपासचा प्रदेश बुडवला होता. २००१ पासून वीस वर्षे चाललेल्या ब्रॉडलँड पूरनियंत्रण प्रकल्पात नदीचे अनेक बांध उंच केले गेले, काही मागे सरकवले गेले. निचऱ्याच्या चक्क्या बांधाच्या रेषेवरच असतात. बांध हलला किंवा उंचावला की चक्कीचा पाया, तिची वाहिनी आणि नदीकडील दार यांचे परस्परांशी असलेले नाते बदलते. समुद्राची पातळी चढत असताना हे निर्णय वारंवार घ्यावे लागतील.

या सगळ्यावरून माझी सूचना अशी आहे की बर्नी आर्म्ससाठी पुढील जो काही पैसा उभा राहील, त्यातील पहिला वाटा टोपी, पाती आणि बाहेरील आवरण यांना मिळावा, कारण त्यांतून पाणी आत गेले तर बाकी सगळे व्यर्थ आहे. दुसरा वाटा उपसा चाक, त्याची वाहिनी आणि कुरणाकडील चर यांना मिळावा. आज बहुतेक लोक बुरूज पाहून परततात, आणि ज्या चाकामुळे त्या बुरुजाला १८८३ नंतरचे आयुष्य मिळाले त्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. चरातील पाणी आणि नदीतील पाणी यांच्या पातळ्या दाखवणारे साधे मोजखांब बांधाच्या दोन्ही बाजूंना उभे केले, तर बांधावर उभ्या राहणाऱ्या कोणालाही चक्कीचे काम एका नजरेत समजेल. बुरूज आतून उघडणे शक्य होईल तेव्हा त्याच्या वेळा ठरावीक घड्याळी तासांऐवजी यारमथच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी जोडाव्यात, आणि ते वेळापत्रक नाव भाड्याने देणाऱ्यांकडून प्रवासाच्या सुरुवातीलाच नावाड्यांच्या हाती द्यावे. तळमजला आणि चाकाचे आवरण एवढेच उघडले तरी चालेल, त्यासाठी सात मजल्यांच्या शिड्यांचा धोका पत्करावा लागत नाही. नावा बांधण्याच्या जागेची देखभाल प्राधिकरण करते आणि चक्कीची देखभाल वारसा संस्था करते. या दोघांनी पक्षिक्षेत्राच्या आणि निचरा मंडळाच्या माणसांसह वर्षातून एकदा तरी याच बांधावर एकत्र बसून पाण्याची पातळी, दुरुस्तीचे वेळापत्रक आणि उघडण्याच्या तारखा ठरवाव्यात.